आईला साक्षीला कोर्टात जायचंय, काय नेसावं? (पदर, टोपी, काळा कोट... सगळंच)

माणदेशी_पोरगं

नमस्कार मंडळी. विषय छोटा वाटेल पण घरात चार दिवस याच्याशिवाय दुसरं बोलणं नाहीये म्हणून इथे विचारतो.

आमचा जमिनीच्या वाटणीचा दावा तालुक्याच्या कोर्टात सहा वर्षं चालू आहे. वडील गेले, आता आई वादी. तिचं वय ६८. येत्या गुरुवारी तिची साक्ष आहे, म्हणजे समोरचे वकील तिला प्रश्न विचारणार. आई आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढलेली नाही, आणि तिला प्रश्नांची भीती कमी, कपड्यांची जास्त आहे. कोर्टात सगळे काळ्यापांढऱ्यात असतात म्हणून आपण पण पांढरं नेसायचं का, हे तिनं मला तीनदा विचारलं. आमच्यात पांढरं कधी नेसतात तुम्हाला माहितीये, त्यामुळे विचारताना तिचा चेहरा कसा झाला होता ते सांगता येत नाही. दुसरं म्हणजे गीतेवर हात ठेवायचा तर सकाळी न्हाऊन सोवळ्यात जावं लागेल आणि एसटीत शिवाशिव होणार, त्याचं काय करायचं. तिसरं, डोक्यावर पदर ठेवला तर साहेब म्हणतील तोंड लपवते, नाही ठेवला तर भावकीतले बघतील.

वर आमच्या एका मामांनी सल्ला दिलाय की बोरमाळ काढून ठेव, जुनं विटकं लुगडं नेस, गरीब दिसलीस तर जज साहेबाला दया येईल. आईला ते अजिबात पटलेलं नाही. ती म्हणते मी काय भीक मागायला चाललेय का.

वकील साहेबांना विचारलं तर ते गडबडीत होते, "साधंच या" एवढंच बोलले. कोणाला नक्की माहिती असेल तर सांगा, नियम असतो का काही?

खान्देशी_वकील

दादा, पहिलं आईंना हे सांगा की पक्षकाराला आणि साक्षीदाराला कपड्याचा कुठलाही नियम नाही. काळापांढरा रंग फक्त आमच्यासाठी, म्हणजे वकिलांसाठी आणि न्यायाधीशांसाठी आहे. आईंनी पांढरं नेसायचं काही कारण नाही. रोज बाजाराला किंवा लग्नकार्याला जाताना जे अंगावर असतं त्यात त्या याव्यात.

गीतेचं, ते सिनेमातलं आहे. मी एकोणीस वर्षं दिवाणी आणि फौजदारी दोन्हीकडे उभा राहतो, साक्षीदाराच्या हाताखाली पुस्तक दिलेलं मी एकदाही पाहिलं नाही. "देवाशपथ खरं सांगेन, खोटं सांगणार नाही" असं म्हणायला लावतात, ज्याला देवाची शपथ घ्यायची नसेल त्याला प्रतिज्ञा घेता येते, झालं. सोवळ्याची काळजी सोडायला सांगा. एसटीत खुशाल बसू द्या, फक्त पहिली गाडी पकडा म्हणजे धावत यायला नको.

तुमच्या दाव्यात सरतपासाचं, म्हणजे आईंनी स्वतःची बाजू सांगितल्याचं, शपथपत्र आधीच दिलेलं असेल (२००२ पासून दिवाणीत तसंच चालतं), त्यामुळे गुरुवारी फक्त उलटतपास, म्हणजे समोरच्या वकिलांचे प्रश्न, होईल. त्या शपथपत्रात काय लिहिलंय ते आईंना मराठीत दोनदा वाचून दाखवा, कपड्यांपेक्षा हे शंभरपट महत्त्वाचं.

आणि मामांचा सल्ला कृपा करून ऐकू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १८ नियम १२ आहे, साक्ष देताना साक्षीदार कसा वागतो-बोलतो याची नोंद न्यायाधीश करू शकतात. ती नोंद वागण्याची असते, लुगड्याची नाही. पण बाई अंगावर परक्यासारखे कपडे घालून आली की ती सारखी पदर ओढते, चाचरते, खाली बघते, आणि खरं बोलत असून खोटं बोलल्यासारखी दिसते. मी हे माझ्याच पक्षकारांच्या बाबतीत पाहिलंय. बोरमाळ राहू द्या. पदरही राहू द्या. फक्त चेहरा दिसला पाहिजे आणि आवाज ऐकू आला पाहिजे.

निवृत्त_शिरस्तेदार

वकील साहेबांनी बरोबर सांगितलं. मी कोर्टात ३४ वर्षं नोकरी केली, शेवटची नऊ वर्षं शिरस्तेदार, म्हणजे कारकुनांचा प्रमुख, होतो. एक गोष्ट सांगतो, कोर्टाचं नाव सांगत नाही.

कोर्टहॉलच्या दाराबाहेर मला कायम चपला दिसायच्या. कोणी सांगितलेलं नसायचं, बोर्ड नसायचा, तरी खेड्यातनं आलेली म्हातारी माणसं देवळात गेल्यासारखी चप्पल बाहेर काढून आत यायची. उन्हाळ्यात बाहेरच्या व्हरांड्याची फरशी तापलेली असायची, पुकारा झाला की ही माणसं अनवाणी पळत यायची. मी माझ्या परीने सांगायचो, बाबा चप्पल घालून या, इथं चालतं. काही ऐकायचे, बरेच ऐकायचे नाहीत. त्यांच्या मनात तो मान होता.

एकदा एक सत्तरीतले आजोबा साक्षीला उभे राहिले, डोक्याला पटका. पट्टेवाल्यानं जोरात सांगितलं, टोपी-पटका काढा, साहेब आहेत समोर. आजोबांनी दोन्ही हातांनी पटका काढला आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना. खाली ठेववेना, पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेववेना. ते तसेच छातीशी धरून उभे राहिले. आपल्याकडे डोक्यावरचं उतरवणं कधी होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांचं लिहिता लिहिता वर लक्ष गेलं आणि ते म्हणाले, "बाबा, पटका बांधा आधी, मग बोलू." पूर्ण कोर्ट थांबलं, आजोबांनी शांतपणे पटका बांधला, दोन मिनिटं गेली असतील. नंतर साहेबांनी चेंबरमध्ये पट्टेवाल्याला बोलावून सांगितलं की पुन्हा कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. ते साहेब आता हयात नाहीत, पण मी तो दिवस विसरलेलो नाही.

तर आईंना सांगा, पदर डोक्यावर, चप्पल पायात, आणि आवाज मोठा.

माणदेशी_पोरगं

काका, तुमचं लिहिलेलं आईला आत्ता वाचून दाखवलं. पटक्याचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली तुझे आजोबा पण असेच उभे राहिले असतील रे. आजोबांनी कुळकायद्याच्या केसमध्ये साक्ष दिली होती म्हणे, मला हे माहितीच नव्हतं.

अनघा_ठाणे

नियम नाही हे कागदावर ठीक आहे पण बाईच्या कपड्यांकडे कोर्टात बघतातच हे मी अनुभवावरून सांगते. माझा घटस्फोटाचा खटला चालू असताना माझ्याच वकिलांनी मला सांगितलं होतं की जीन्समध्ये येऊ नका, साडी नेसा, मंगळसूत्र घालून या, "संसार करायची इच्छा असलेली" दिसा. मी ऑफिसमधून थेट जायचे, तर बॅगेत साडी घेऊन जाऊन स्टेशनवरच्या बाथरूममध्ये नेसायचे. दोन तारखा केलं तसं. तिसऱ्या तारखेला मी नाही म्हणून सांगितलं आणि ऑफिसच्या पँट-शर्टात गेले. न्यायाधीश मॅडमनी एका शब्दाने काही विचारलं नाही, कागद बघितले आणि पुढे गेल्या. म्हणजे ती सगळी भीती आमच्याच बाजूची होती. तरी अजून राग येतो त्या दोन तारखांचा.

आईंना त्यांच्या मनासारखं जाऊ द्या प्लीज.

वऱ्हाडातला_विनू

माझा प्रश्न जरा वेगळा पण याच विषयातला आहे. आमच्याकडे अकोल्याला एप्रिलमध्ये पारा ४३-४४ ला जातो आणि वकील लोक काळा कोट घालून स्कूटीवर फिरताना दिसतात, बघूनच जीव घाबरा होतो. हा नियम बदलत का नाही? इंग्रज गेले, कोट का ठेवला?

खान्देशी_वकील

विनूभाऊ, जळगावचं ऊन तुमच्यापेक्षा कमी नाही त्यामुळे मनापासून उत्तर देतो.

गंमत म्हणजे लोक समजतात तेवढा नियम कडक नाहीच. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम ४९ मध्येच लिहिलंय की वकिलांच्या पोशाखाचे नियम करताना बार कौन्सिल ऑफ इंडियाने (वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने) हवामान लक्षात घ्यायचं. आणि बार कौन्सिलच्या नियमांत सरळ लिहिलंय की सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून बाकी कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. गाऊन (कोटावरचा काळा झगा) तर सुप्रीम आणि हायकोर्ट सोडून कुठेच सक्तीचा नाही. जिल्हा, सत्र आणि शहर दिवाणी न्यायालयाच्या खालच्या कोर्टात बॅण्डऐवजी (गळ्याशी लावायच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांऐवजी) काळा टाय चालतो. पुरुषांना पांढरी, काळी पट्ट्यांची किंवा करडी पँट चालते, आणि हो, धोतर आजही चालतं! जीन्स तेवढी नाही. बंद गळ्याचा कोट, अचकन, शेरवानी हे पण नियमात आहे.

मग सगळे कोट का घालतात? सवय, आणि भीती. ज्युनिअर मुलगा बिनकोटाचा उभा राहिला आणि साहेबांचा मूड नसला तर अर्जाची वाट लागेल ही भीती. आमच्या बारने, म्हणजे वकिलांच्या संघटनेने, उन्हाळ्याआधी अर्ज दिला की प्रमुख जिल्हा न्यायाधीश परिपत्रक काढतात, कोट नको म्हणून. तरी अर्धी बार रूम कोटातच. अंगवळणी पडलंय. मी स्वतः मार्चनंतर पांढरा शर्ट आणि बॅण्ड एवढ्यावर उभा राहतो, नियमाची झेरॉक्स फाईलमध्ये ठेवलेली असते, आजवर दाखवायची वेळ आली नाही.

स्कूटीवर कोट घालून फिरणाऱ्यांना माझं सांगणं, कोट डिकीत ठेवा रे. बॅण्ड आणि गाऊन तर कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचाच नाही असाही नियम आहे. चहाच्या टपरीवर बॅण्ड लटकवून उभे राहणारे बघितले की मला कसंतरीच होतं.

२०२० च्या मे महिन्यात कोरोनामुळे सुप्रीम कोर्टाने परिपत्रक काढून ऑनलाइन सुनावणीपुरता कोट-गाऊन बंद केला होता, साधा पांढरा शर्ट किंवा पांढरी साडी-सलवार कमीज आणि गळ्याशी पांढरा बॅण्ड. न्यायदान काही अडलं नाही. पण उन्हाळ्यात कोटातून कायमची सूट द्या अशी याचिका सप्टेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात आली तेव्हा कोर्टाने ती ऐकली नाही, सभ्य पोशाख हवाच, बाकी मागणं बार कौन्सिलकडे न्या असं झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केरळ हायकोर्टाने मात्र उष्म्यामुळे गाऊनची सक्ती काही आठवडे काढली होती. म्हणजे मनात असलं तर होतं.

सावली_उस्मानपुरा

पण कोट काढायचाच का असा माझा प्रश्न आहे. मी पहिल्या पिढीतली वकील. माझे वडील मोलमजुरी करायचे, आम्ही कुठल्या वस्तीतले हे गावात सगळ्यांना ठाऊक. गावात अजूनही काही घरांत मला पाणी वरून ओतून देतील. पण मी कोट घालून, बॅण्ड लावून उभी राहिले की त्याच गावातला माणूस मला "वकील मॅडम" म्हणतो. त्या दोन पांढऱ्या पट्ट्यांनी माझ्या बाजूला उभ्या असलेल्या चौथ्या पिढीच्या वकिलात आणि माझ्यात फरक राहत नाही. वकिलीची सनद मिळाल्यावर पहिला कोट आईनं बचत गटाचं कर्ज काढून शिवला. ऊन लागतं हो, मला पण लागतं, पाठीवर घामाच्या मिठाचे पांढरे डाग पडतात ते दर रविवारी ओल्या फडक्यानं पुसते. तरी मला तो कोट प्रिय आहे.

बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली, आणि त्यांचे फोटो बघा, कपड्यात कुठे एक घडी इकडची तिकडे नाही. आमच्या घरात त्याचा अर्थ वेगळा आहे. इंग्रजांची नक्कल असं त्याला कोणी म्हटलं तर मला दुखतं.

वऱ्हाडातला_विनू

सावलीताई, हे मी या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. माफ करा, हलक्यात नव्हतं लिहिलं. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

पुणेरी_ज्युनिअर

मी सहा वर्षं प्रॅक्टिस करतेय, आता मुलींच्या बाजूचं कोणीतरी लिहायलाच पाहिजे म्हणून लिहिते.

आमच्या नियमात साडी, लांब स्कर्ट, सलवार-कुर्ता, चुडीदार सगळं आहे, काळा पांढरा किंवा मंद रंग, नक्षी नको. ओढणी ऐच्छिक आहे. पण बार रूममधल्या काही सिनिअर काकांना हे ऐच्छिक माहितीच नाही. मी पहिल्या महिन्यात ओढणीशिवाय आले तर एका साहेबांनी बाजूला घेऊन "बेटा, सभ्य दिसायला हवं" सांगितलं. मी नियम दाखवला नाही, तेव्हा धीर नव्हता. आता दाखवते.

आणि केसांचं तर विचारू नका. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या पुण्याच्या जिल्हा न्यायालयात नोटीस लागली होती की महिला वकील खुल्या कोर्टात वारंवार केस नीट करतात त्याने कामकाजात व्यत्यय येतो, तरी त्यांनी तसं करू नये. फोटो देशभर फिरला, सगळीकडून टीका झाली आणि काही दिवसांत नोटीस मागे घेतली. मी तेव्हा नवीन होते. ती नोटीस वाचल्यावर पुढचा पूर्ण आठवडा मी कोर्टात नंबरची वाट बघत बसलेली असताना माझा हात केसांकडे जात तर नाही ना हेच बघत बसले, समोर काय युक्तिवाद चालू आहे ते डोक्यात शिरेना. पंख्याखाली बसलं की बट तोंडावर येणार, ती मागे सारली तर कोर्टाचं काय बिघडतं? पुरुष वकील पण मिशीवरनं हात फिरवतात, कंगवा काढून भांग पाडतात, त्यांच्यासाठी कधी कागद लागला नाही.

मी बसतील तेवढ्या पिना लावून घट्ट अंबाडा घालते आता. माझ्या सोयीसाठी घालते, त्या नोटिशीसाठी नाही, हे मला स्वतःला सांगावं लागतं.

खान्देशी_वकील

ताई, त्या नोटिशीची लाज आम्हाला पण वाटली होती. बार कौन्सिलच्या नियमात वकिलाचं दिसणं नीटनेटकं असावं एवढंच आहे. केस नीट करणं म्हणजे नीटनेटकं राहणंच की!

अनघा_ठाणे

पुणेरी_ज्युनिअर, 👏👏 बेटा म्हणणाऱ्या काकांना नियम लॅमिनेट करून द्या.

करवीर_गाऊन

आमच्या कोल्हापूरचं सांगायचं राहिलं. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आमच्याकडे सुरू झालं, कोल्हापूर सांगली सातारा सोलापूर रत्नागिरी सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. चाळीस वर्षांपेक्षा जास्त काळ लढा चालला होता यासाठी. मी जिल्हा कोर्टातच वकिली केली, गाऊन घालायची कधी वेळच आली नाही, सनद घेतली तेव्हाचा एक गाऊन होता तो कपाटात गोळा होऊन पडलेला. बेंच येणार हे नक्की झालं तशी बायकोनं तो काढला, इस्त्री केली, तर खांद्याला कसर लागलेली. वयाच्या ५८ व्या वर्षी नवा गाऊन शिवला. पहिल्यांदा घालून पायऱ्या चढताना छातीत भरून आलं, खरंच सांगतो. माझ्या सिनिअरांनी हायकोर्टाच्या एका एका तारखेसाठी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली, सकाळी लॉजवर अंघोळ करून गाऊन बॅगेत घालून पळायचे. त्यांना हे बघायला मिळालं नाही.

गाऊनच्या मागं खांद्यावर एक छोटी पिशवीसारखी झोळ असते बघा, नवीन पोरं विचारतात हे कशाला. जुनी मंडळी सांगतात की विलायतेत बॅरिस्टर फी हातात घेत नसत, पक्षकार मागनं त्या झोळीत टाकायचा. खरं खोटं देव जाणे, पण झोळ अजून शिवतात.

सुईदोरा_काकू

मी वकील नाही, पण कोर्टाजवळच्या गल्लीत आमचं शिवणकामाचं दुकान आहे, त्यामुळे माझं पण दोन शब्द.

बॅण्ड म्हणजे लोकांना वाटतं दोन पट्ट्या कापल्या की झालं. तसं नसतं. पांढरं सुती कापड दुहेरी घ्यायचं, वरती बारीक चुण्या एकसारख्या पाडायच्या, दोन्ही पट्ट्या खाली जरा रुंद होत जातात आणि मधे थोडी फट राहते. मग खळ करून कडक इस्त्री. मागे पूर्वी नाडी असायची, आता सगळ्यांना चिकटपट्टी (वेल्क्रो) पाहिजे, पण घामानं ती चिकटपट्टी मानेला टोचते, म्हणून जुने वकील अजून नाडीच मागतात. बायकांसाठी कॉलरसकट बॅण्ड शिवते मी, कारण कुर्त्याला कॉलर नसते. दोन बॅण्ड पुरत नाहीत, निदान चार ठेवा, रोज धुवा, पिवळा पडलेला बॅण्ड लांबून ओळखू येतो.

उन्हाळ्यासाठी मी कोटाला पाठीत अस्तर लावत नाही, फक्त खांद्याला आणि पुढे लावते. आणि पॉलिस्टर घेऊ नका पोरांनो, चमकतं छान पण आत भाजतं. सावलीबाळा, मिठाचे डाग फडक्यानं जात नसतील तर पाण्यात थोडं व्हिनेगर घाल आणि टिपून घे, घासू नको, काळा रंग उडतो.

सावली_उस्मानपुरा

काकू 🙏 आजच करून बघते.

जुन्या_वह्या

डोक्यावरच्या पटक्यावरून आठवलं म्हणून लिहितो. १८९३ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेत नुकतेच पोचले होते, डर्बनच्या कोर्टात गेले तेव्हा मॅजिस्ट्रेटने त्यांना पगडी काढायला सांगितली. त्यांनी काढली नाही, उठून बाहेर पडले आणि वर्तमानपत्रात त्याबद्दल पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी तिथल्याच नाताळ वसाहतीच्या सुप्रीम कोर्टात वकील म्हणून शपथ झाल्यावर तिथल्या मुख्य न्यायाधीशांनी कोर्टाच्या पद्धतीप्रमाणे पगडी काढा म्हटलं, तेव्हा मात्र त्यांनी काढली. मित्र नाराज झाले त्यांच्यावर. मला यात फार काही शिकण्यासारखं वाटतं: एकच पगडी, पण परका म्हणून उतरवायला लावली तर नाही, आणि ज्या व्यवसायात आपण होऊन शिरलो तिथला रिवाज म्हणून मात्र उतरवली. साक्षीदार आणि वकील यांच्यातला फरक पण हाच आहे ना? वकिलाने पोशाख स्वतः निवडलाय. शिरस्तेदार काकांच्या गोष्टीतल्या आजोबांनी कोर्ट निवडलेलं नव्हतं.

आणि कॉर्नेलिया सोराबजी विसरू नका, जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि नंतर ऑक्सफर्डला. तिथली कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली, पण बाईला वकिली करायची परवानगी आपल्याकडे मिळाली १९२३ च्या कायद्याने. एकतीस वर्षं! बाईने काय नेसून उभं राहावं हा प्रश्न त्यानंतरचा, आधी उभं राहू द्यायलाच एवढा काळ गेला.

इंग्लंडमध्ये, जिथून हे सगळं आलं तिथे, २००८ पासून दिवाणी आणि कौटुंबिक कामात केसांचे टोप घालणं बंद झालं. फौजदारीत अजून घालतात. आपण टोप घेतलाच नाही हे बरं झालं, अकोल्याला कल्पना करा.

तलाठी_भाऊसाहेब

आम्हा सरकारी लोकांचं पण लिहा कोणीतरी. कोर्टात रेकॉर्ड घेऊन जायचं म्हटलं की आधी इस्त्रीचा शर्ट शोधावा लागतो. आमचे एक वरिष्ठ तर समन्स आलं की नवीन बूट घ्यायचे. पाटणा हायकोर्टात २०२२ मध्ये एका आयएएस अधिकाऱ्याला कोट न घालता आल्याबद्दल सुनावलं होतं, तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर फिरला होता तेव्हापासून सगळे घाबरून आहेत.

खान्देशी_वकील

भाऊसाहेब, आता घाबरायचं कारण नाही. ३ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सरकारी अधिकाऱ्यांना कोर्टात बोलावण्याबद्दल कार्यपद्धती घालून दिली, त्यात स्पष्ट आहे की अधिकाऱ्याच्या दिसण्यावर, शिक्षणावर, सामाजिक पार्श्वभूमीवर शेरे मारायचे नाहीत, आणि कपड्यांवर तर त्यांच्या खात्याच्या ठरलेल्या पोशाखाचा भंग असेल तरच बोलायचं. आता हेच साध्या पक्षकारांसाठी पण कोणीतरी लिहून काढलं पाहिजे आणि कोर्टहॉलच्या दारावर मराठीत लावलं पाहिजे: चप्पल घालून या, पटका-पदर राहू द्या, मोबाईल बंद ठेवा. तीन ओळी. अधिकाऱ्याला जे मिळालं ते अनवाणी येणाऱ्या माणसाला आधी मिळायला हवं होतं.

निवृत्त_शिरस्तेदार

वकील साहेब, हे तुम्ही तुमच्या बारतर्फे द्याच. मी अर्जाचा मसुदा करून देतो, अजून हात चालतो.

माणदेशी_पोरगं

मंडळी, काल तारीख झाली. सगळ्यांचे उपकार, सविस्तर लिहितो.

आईनं हिरवं इरकल नेसलं, बोरमाळ घातली, डोक्यावर पदर. मामा एसटी स्टँडवर भेटले, त्यांनी कपाळाला हात लावला, आई त्यांच्याकडे न बघता गाडीत चढली. कोर्टात पोचलो तर साडेअकरापर्यंत नंबरच लागला नाही, व्हरांड्यात बाकावर बसलो. पुकारा झाला आणि आई उठली, दारापाशी गेली आणि सवयीनं चप्पल काढायला वाकली. मी मागे होतो, मी काही बोलायच्या आधी तिनंच पाय परत चपलेत सरकवला आणि आत गेली.

समोरचे वकील तासभर प्रश्न विचारत होते. सुरुवातीला आवाज बारीक होता, पदर तोंडापाशी धरलेला. साहेब म्हणाले, "आजी, जरा मोठ्यानं बोला, टायपिस्टला ऐकू आलं पाहिजे." तेव्हा तिनं पदर कानामागं नीट खोचला आणि मग विहिरीचं, बांधाचं, कोणत्या साली कोणी किती पायली ज्वारी नेली ते सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्हाला हे सगळं तुमच्या मुलानं शिकवून आणलंय ना? ती म्हणाली, त्याला बांध कुठला ते तरी ठावं आहे का, तो पुण्याला असतो. साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं.

कपड्यांबद्दल कोणीही एक अक्षर काढलं नाही. बाहेर आल्यावर आमच्या बाजूच्या एक ज्युनिअर वकील मॅडम आहेत, काळा कोट, घामानं चिंब झालेल्या, त्यांच्याकडे आई बघत राहिली. मग पिशवीतनं ताकाची बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, कोट काढ बाई आता, साहेब उठलेत जेवायला.

पुणेरी_ज्युनिअर

😭😭 आईंना माझा नमस्कार सांगा.

सुईदोरा_काकू

त्या मॅडमना माझ्या दुकानात पाठवा, बिनअस्तराचा शिवून देते.

निवृत्त_शिरस्तेदार

छान झालं. आता पुढची तारीख कशासाठी आहे?

माणदेशी_पोरगं

प्रतिवादीच्या पुराव्यासाठी काका, जूनमध्ये. आईला तेव्हा यायची गरज नाही असं वकील म्हणाले. ती म्हणते मी येणार, भाऊजी काय सांगतात ते मला समोर बसून ऐकायचंय. आणि जांभळं लुगडं काढून ठेवलंय.